छातीत धडधडतं, पण ईसीजी नॉर्मल येतो

चिंतेच्या आजाराला आपल्या वस्तीत कुणी त्या नावाने ओळखत नाही. ताई म्हणतात, ‘छातीत गॅस चढतो.’ आजी म्हणते, ‘जिवाची घालमेल होते, कसंतरीच वाटतं.’ रिक्षावाला भाऊ म्हणतो, ‘अचानक बीपी लो झाल्यासारखं झालं, हातपायच गळाले.’ बारावीतली मुलगी म्हणते, ‘पेपर जवळ आला की श्वास पुरत नाही.’ दवाखान्यातही तक्रार याच शब्दांत सांगितली जाते आणि उपचारही त्याच शब्दांवर होतो. गॅसची गोळी, ताकदीचं सलाईन, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन. दोन-चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच सुरू.

आम्ही बरीच वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली आणि आता वस्त्यांतून फिरतो. दोन्हीकडे आम्हाला एकच साखळी दिसली. धडधड होते म्हणून ईसीजी. तो चांगला आला म्हणून टूडी इको. तोही चांगला आला म्हणून पोटात दुर्बीण. बचत गटाचं कर्ज, गहाण ठेवलेलं मंगळसूत्र, पोराच्या फीचे पैसे, सगळं या तपासण्यांत जातं. शेवटी डॉक्टर म्हणतात, ‘तुम्हाला काहीही झालेलं नाही.’ बाई ते कागद घेऊन घरी येते आणि घरचे म्हणतात, ‘बघ, सगळं नॉर्मल आहे. उगाच नाटकं करते.’ त्या दिवसापासून ती सांगायचीच बंद होते.

आमचं मत आम्ही आधीच सांगून टाकतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे माणूस निरोगी ठरत नाही. चिंतेचा आजार खरा आहे. तो मशीनमध्ये दिसत नाही, नीट विचारल्यावर दिसतो. त्यावर उपचार आहेत आणि ते सरकारी दवाखान्यात मिळणं हा आपला हक्क आहे. टीबीसाठी आपण जसा हट्ट धरतो, तसाच यासाठीही धरला पाहिजे.

काळजी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो

काळजी सगळ्यांनाच असते. पाडापाडीची नोटीस आली, पोरगं रात्री उशिरापर्यंत आलं नाही, तर काळजी वाटणारच. ती वाटते म्हणून तर आपण धावपळ करतो, कागद शोधतो, फोन लावतो. कारण संपलं की काळजीही ओसरते.

आजारात ती ओसरत नाही. नोटिशीचा प्रश्न मिटतो, मग पोराच्या नोकरीची काळजी लागते. ती मिटली की स्वतःच्या तब्येतीची, ती मिटली की उद्या पाणी येईल का याची. मन एका खुंटीवरून सुटतं आणि लगेच दुसऱ्या खुंटीला अडकतं. असं सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस होत असेल, त्याबरोबर झोप उडाली असेल, मान-पाठ आखडत असेल, लवकर थकवा येत असेल, चिडचिड होत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टर त्याला सततच्या चिंतेचा आजार म्हणतात.

या आजाराची आणखी काही रूपं आहेत. कुणाला अचानक घबराटीचे झटके येतात. कुणाला चारचौघांत बोलायची, सही करायची, वर्गात उभं राहायची इतकी भीती वाटते की तो तिथे जाणंच टाळतो. कुणाला लिफ्ट, गर्दी, बंद खोली, रक्त अशा एखाद्याच गोष्टीची भीती असते. लहान मुलं तर ‘भीती वाटते’ असं म्हणतच नाहीत. शाळेच्या दिवशी सकाळी त्यांचं पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. असं पोट वारंवार दुखत असेल तर मुलाला मारू नका. शाळेत काय चाललंय ते विचारा. कुणी चिडवतं का, आडनावावरून किंवा जातीवरून बोलतं का, हेही विचारा.

ओळखण्याची सोपी खूण अशी: भीतीमुळे माणसाने काय काय सोडलं ते पाहा. बाजाराला जाणं सोडलं, लोकलने कामाला जाणं सोडलं, लग्नकार्याला जाणं सोडलं, तर ती भीती आता त्याचं आयुष्य चालवते आहे.

झटका येतो तेव्हा

घबराटीचा झटका पाहणाऱ्याला हार्ट अटॅकच वाटतो. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, घशात काही अडकल्यासारखं होतं, हातापायाला आणि ओठांना मुंग्या येतात. ‘आता मी मरणार’ किंवा ‘मला वेड लागणार’ असं वाटतं. साधारण दहा मिनिटांत झटका टोकाला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतो.

शरीरात काय होतं ते समजलं तर निम्मी भीती कमी होते. मेंदूला धोका आहे असं वाटतं आणि तो शरीराला पळण्यासाठी तयार करतो. हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. पण पळायचं तर कुठेच नसतं. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो.

अशा वेळी माणसाला बसवा. भोवतीची गर्दी हटवा. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, दातखीळ बसली म्हणून चमचा घालणं, यातलं काहीही करू नका. तोंडाला पिशवी लावू नका. शांत आवाजात सांगा, ‘मी इथेच आहे, हे उतरणार आहे.’ श्वास नाकाने हळू आत आणि त्याहून हळू बाहेर. आत घेताना मनात तीनपर्यंत मोजायचं, सोडताना पाचपर्यंत.

पण एक गोष्ट विसरू नका. छातीतलं दुखणं पहिल्यांदाच आलं असेल, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, माणूस चाळिशीच्या पुढचा असेल, मधुमेह, बीपी, तंबाखू किंवा बिडी असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. बायकांच्या हार्ट अटॅकमध्ये कधी कधी छातीत दुखत नाही, फक्त दम लागतो, मळमळतं, घाम येतो. आधी हृदय तपासायचं, मग चिंतेचं नाव घ्यायचं. हा क्रम उलटा करायचा नाही.

निदान कसं होतं

चिंतेसाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. तरी डॉक्टर काही साध्या तपासण्या एकदा सांगतात आणि त्या करायला हव्यात, कारण दुसरे आजारही असाच त्रास देतात. थायरॉईड जास्त चालत असेल तर धडधड होते, हात थरथरतात, वजन उतरतं. रक्त कमी असेल तर दम लागतो, छाती धडधडते, आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणं काही नवीन नाही. साखर उतरली तर घाम फुटतो. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली तर थरथर आणि घबराट होते, तो तर तातडीने रुग्णालयात न्यायचा प्रसंग आहे. दिवसभर कडक चहा, मिश्री आणि तंबाखू यांनीही हृदय पळतं आणि झोप उडते. मिश्री लावली की शांत वाटतं असं बायका सांगतात. ती शांती निकोटिनची तलफ भागल्याची असते आणि तासाभरात उतरते. म्हणून डॉक्टरांना हे सगळं खरं सांगा, लाजू नका.

त्यानंतर खरं काम प्रश्नांचं. जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची एक यादी आहे, तिला जीएडी-७ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ किंवा काठावर बसल्यासारखं किती दिवस वाटलं, काळजी थांबवता येत नाही असं किती दिवस झालं, वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी, शरीर सैल सोडता न येणं, एका जागी बसवत नाही इतकी चुळबुळ, लगेच चिडणं, काहीतरी भयंकर होणार अशी भीती. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण २१. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. ही यादी म्हणजे निदान नव्हे, तो इशारा आहे. निदान डॉक्टर बोलून करतात.

या सातपैकी पहिले दोन प्रश्नच विचारले तरी बरंच कळतं. दोन्ही मिळून तीन किंवा जास्त गुण आले तर पुढची चौकशी करायची. दोन प्रश्नांना दोन मिनिटं लागतात आणि एक पैसाही लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे आमची मागणी यावरच आहे.

उपचार: बोलणं, सराव, गोळ्या

पहिला उपचार बोलण्याचा. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नुसतं ‘काळजी करू नका’ असं म्हणत बसत नाहीत. भीतीचा विचार कुठून येतो, तो किती खरा आहे, आणि टाळल्यामुळे तो कसा मोठा होतो, हे ते दाखवतात आणि मग पायरीपायरीने सराव करून घेतात.

समजा एका ताईला लोकलमध्ये झटका आला. ती लोकलने जायची थांबली आणि तिची चार घरची कामं सुटली. तिच्यासाठी पहिली पायरी म्हणजे शेजारणीबरोबर नुसतं प्लॅटफॉर्मवर जाऊन दहा मिनिटं बसणं. भीती चढते, तिथेच थांबलं की उतरते. हे दोन-चारदा झालं की दुपारच्या रिकाम्या गाडीत एक स्टेशन. मग दोन. मग एकटीने. मेंदूला अनुभवाने कळतं की गाडीत मरण नव्हतं. नुसतं समजावून ते कळत नाही.

दुसरा उपचार गोळ्यांचा. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन ही यातली नेहमीची औषधं. यांच्याबद्दल चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक, यांचा गुण पहिल्या दिवशी येत नाही, दोन ते सहा आठवडे लागतात. दोन, पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी जास्तच अस्वस्थता होते आणि बहुतेकांची ती ओसरते. नेमकी इथेच माणसं ‘गोळी मानवली नाही’ म्हणून सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना विचारा. तीन, बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात आणि बंद करताना हळूहळू कमी कराव्या लागतात. चार, यांचं व्यसन लागत नाही. तरुण मुलामुलींना या गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष द्यावं. मरणाचे विचार आले तर लगेच डॉक्टरांना कळवावं. बाई गरोदर असेल तर स्वतःच्या मनाने गोळी सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

तिसऱ्या प्रकारच्या गोळ्यांबद्दल आम्हाला खरी काळजी वाटते. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. वस्तीत यांना ‘झोपेची गोळी’ किंवा ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात. अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणूनच त्या घातक ठरतात. डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात आणि तसा त्यांचा उपयोगही आहे. पण पुढे माणूस जुनी चिठ्ठी दाखवून किंवा चिठ्ठीशिवायच मेडिकलमधून त्या घेत राहतो. काही आठवड्यांतच शरीराला सवय लागते, एकाची दीड, दीडाच्या दोन होतात. मग अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते. दारूबरोबर घेतल्या तर श्वास थांबू शकतो. म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जातो, हाड मोडतं. अल्प्राझोलम आणि डायझेपाम कायद्याने एच-१ यादीत आहेत. दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी असा नियम आहे. चिठ्ठीशिवाय गोळी देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही. आणि ज्यांना आधीच सवय लागली आहे त्यांनी आज वाचून उद्या बंद करू नयेत, डॉक्टरांकडे जाऊन टप्प्याटप्प्याने सोडाव्यात.

‘ध्यानशिबिराने बरं होईल का?’ असं आम्हाला नेहमी विचारतात. श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव अनेकांना उपयोगी पडतो, रोज दहा मिनिटं जरूर करा. पण झटके जोरात असताना थेट दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका आणि ध्यानासाठी गोळ्या बंद करू नका.

आणि ‘बाहेरचं झालंय’ असं म्हणून रात्री गुपचूप भगताकडे नेणं अजूनही पूर्ण थांबलेलं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिवाय त्यात आजाराचे महिने वाया जातात.

‘गरिबीवर गोळी असते का?’

हा प्रश्न आमचे शिकलेले कार्यकर्तेच विचारतात. त्यांचं म्हणणं असं की घर पडायची भीती, कंत्राटी नोकरी, कॉलेजात होणारा अपमान, नवऱ्याची दारू ही चिंतेची खरी कारणं आहेत. मग बाईला गोळी देणं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं नाही का?

कारणांबद्दल ते बरोबर आहेत. निमहॅन्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र ओळखीचंच आहे. कमी उत्पन्नाच्या घरांत मानसिक आजार जास्त आढळले. आणि निरनिराळ्या मानसिक आजारांच्या शंभर रुग्णांपैकी ७० ते ९२ जणांना उपचारच मिळालेले नव्हते.

पण निष्कर्ष त्यांनी चुकीचा काढला. टीबी कुठे होतो? कोंदट खोलीत, दाटीत, उपाशी पोटी. म्हणून टीबीच्या रुग्णाला आपण ‘आधी घर मिळू दे, मग औषध घे’ असं सांगतो का? आपण औषधही मागतो आणि घरही मागतो. चिंतेच्या आजाराला हाच न्याय लावायला हवा. झोप न झालेली, थरथरणारी बाई मोर्चाला येऊ शकत नाही, वॉर्ड ऑफिसात भांडू शकत नाही, मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला चौकीपर्यंत जाऊ शकत नाही. उपचाराने ती गप्प बसत नाही, उलट तिच्या अंगात उभं राहायचं बळ येतं. आणि तिला मार बसत असेल तर नुसती गोळी देऊन घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांनाही आम्ही जाब विचारू.

हक्क काय आहे, मागायचं काय

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला. त्याचं कलम १८ पाठ करून ठेवण्यासारखं आहे. सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्थेत मानसिक आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. तिथे जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव चालत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला उपचार मोफत, आणि त्यासाठी हातात कार्ड असायलाच हवं असं नाही. यादीतली आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळाली पाहिजेत. तुमचा आजार गुप्त ठेवणं हे कलम २३ नुसार दवाखान्याचं कर्तव्य आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग विचारा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची मनोरुग्णालयं आहेत. तिथेही केसपेपर काढून डॉक्टरांना भेटून घरी येता येतं, दार ओलांडलं की कोंडून ठेवतात हा गैरसमज आहे. आणि घरातूनच बोलायचं असेल तर टेलि-मानस, फोन क्रमांक १४४१६. ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी मरणाच्या गोष्टी करत असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

आता आमची मागणी. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात नैराश्याचे दोन प्रश्न आलेले आहेत. चिंतेचे ते दोन प्रश्नही त्यात घाला. आरोग्य केंद्रात, आपला दवाखान्यात, धडधड आणि गॅस म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारा. गुण जास्त आले तर सलाईन लावण्याऐवजी समुपदेशकाकडे पाठवा. आणि तालुक्याच्या रुग्णालयात चिंतेच्या गोळ्या संपल्या म्हणून रुग्णाला परत पाठवू नका, कारण या गोळ्या मध्येच तुटल्या की त्रास उलटतो.

हे फॉर्ममध्ये येईपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे दोन प्रश्न एकमेकींना विचारा: गेल्या पंधरा दिवसांत किती दिवस अस्वस्थ, घाबरल्यासारखं वाटलं? किती दिवस काळजी थांबवताच आली नाही? जिचं उत्तर ‘जवळजवळ रोज’ असेल तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार, कोणत्या दिवशी जाणार, तिच्या पोरांना तोवर कोण पाहणार, हे त्याच बैठकीत ठरवा. आणि १४४१६ हा नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.